कापसाच्या पंचांगानं वाचायच्या कादंबऱ्या

मंडळी,

विदर्भातल्या खेड्यांवरच्या कादंबऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हौसेनं हाती घेतल्या आणि पन्नासेक पानांवर मिटून ठेवल्या. तक्रार एकच, बोली कळत नाही. ते अर्धंच खरं आहे. या घरांत पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात नसतो, हे लेखक सांगत बसत नाही. तो धरून चालतो की वाचकाला ते ठाऊक आहे. म्हणून पुस्तकांआधी थोडं शेत.

उन्हाळ्यात वखरणी झाली की सगळ्यांचं लक्ष मृगाकडे, म्हणजे ७-८ जूनकडे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरल्यावर सरकी लावावी, असं शेतीशास्त्र सांगतं. पण लवकर उगवलेलं पीक पुढे जातं, म्हणून कोरड्या मातीतच धूळपेरणी करण्याचा मोह होतो. पाऊस आला तर साधलं. एक सर पडून मग पंधरा दिवस दडी मारली तर कोंब मातीतच जळतो आणि दुबार पेरणी येते, बहुधा उधारीच्या बियाण्यानं. त्यानंतर डवरणी, निंदण, खत, फवारणी, सगळा खर्चच. पोळा श्रावण अमावास्येला, ऐन रिकाम्या खिशात. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास, शेतात सीतादहीची पूजा करून. तेव्हाच सगळ्यांचा कापूस एकदम बाजारात येतो, भाव पडतो, आणि घेणेकरी दारात असल्यामुळे थांबायची सोय नसते. कादंबरीत घरचं भांडण आलं की महिना कोणता ते आधी बघा. निम्मा उलगडा तिथेच होतो.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) या नजरेनं वाचावी. नायक एकनाथ शिकलेला आहे. नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत आणि शेतीत मन आणि मिळकत दोन्ही टिकत नाहीत. अनेकजण ती शेतकरी आत्महत्यांचा दस्तऐवज म्हणून वाचतात, आणि तिथेच चुकतात. पुस्तकाचं बळ एकनाथ आणि अलका यांच्या संसारात आहे. शेतीचा तोटा नवरा-बायकोच्या बोलण्यात कसा झिरपतो, ते देशमुख फार बारकाईनं दाखवतात. चर्चा मात्र काही ठिकाणी लांबतात, तिथे पानं भराभर उलटली तरी चालेल. आणखी एक खबरदारी. बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली तीही २००२ मध्येच. तेव्हा आजच्या बातम्यांतली बीटीची पाकिटं आणि गुलाबी बोंडअळी या पुस्तकात शोधू नका.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. सरकारची एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, ती १९७२ मध्ये सुरू झाली, म्हणजे ‘धग’ त्याच्याही आधीच्या जगातली. शिवाय नायिका कौतिकचं घर शिंप्याचं. ज्याच्याकडे शेतच नाही त्याला पेरणी आणि वेचणी म्हणजे फक्त मजुरीचे दिवस. मधले महिने उपासाचे. नवरा महादेव कामाचा नाही, आणि घर ओढायचं कौतिकनं. शेळके तिची कीव करत नाहीत, तिला देवीही करत नाहीत. या यादीतलं सर्वांत उंच पुस्तक हेच.

आता बोली. डोळ्यांनी पुण्याच्या वेगानं वाचली तर वऱ्हाडी अडते, मोठ्यानं वाचली की सुटते. तीन खुणा पुरतात: ‘मला’चं ‘मले’, ‘काळा’चं ‘काया’, आणि ‘करतो आहे’चं ‘करून राह्यला’. शब्दकोश उघडा ठेवून वाचू नका, लय तुटते. अडलेला शब्द दोन पानांत पुन्हा येतो आणि आपला अर्थ स्वतःच सांगतो.

एवढा सराव झाल्यावरच गो. नी. दांडेकरांच्या ‘पूर्णामायची लेकरं’कडे जावं. दांडेकर परतवाड्यात जन्मलेले, वऱ्हाडी त्यांच्या कानात होती. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचं पाणी खारट, ते पिकाला दिलं तर काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होते. नदीला माय म्हणणाऱ्या त्या लोकांना भरवसा आभाळाचाच. एवढं ध्यानात असलं की पुस्तकातली नदी नुसती शोभेची राहत नाही.

जाता जाता, हे सगळं वऱ्हाड झालं. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची झाडीपट्टी धानाची, मामा (माजी मालगुजारी) तलावांची, आणि तिची बोली वेगळी. तिथल्या पुस्तकांना कापसाचं पंचांग लावू नये.

सुरुवात मात्र यांपैकी कशानंच करू नका. रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ (२००५) आधी घ्या. साक्षरता मोहीम कागदावर यशस्वी करण्याची गुरुजींची धावपळ. कापूस बाजूला, फायली पुढे. ज्यानं कधी सरकारी तक्ते भरले आहेत त्याला बोलीची अडचण जाणवणारही नाही. चौघांनी मिळून वाचायची असेल तर गुरुजींचे संवाद एकाकडे, साहेबांचे दुसऱ्याकडे द्या, आणि एका बैठकीत वीसेक पानांपेक्षा जास्त घेऊ नका. हसण्यात वेळ जातो.