हळद सगळ्यांनाच आवडते, भांगलायला कोण येतंय?

(सांगलीत विश्रामबागेत जून महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलणं शक्यतो बोलल्यासारखंच ठेवलंय.)

मागपर्यंत ऐकू येतंय का? येतंय म्हणतायत. तो पंखा जरा कमी करा, माझे कागद उडतायत. तसंही मी कागदावरचं बोलत नाही हे आमच्या मंडळींना माहितीय.

तर पत्रिकेवर विषय छापलाय 'बारावीनंतर मेजर-मायनर कसं निवडावं', म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय आणि जोडविषय. छापलंय म्हणजे सांगायलाच लागणार, शेवटी सांगतो. पण आधी मला एका शब्दावरचा राग काढू द्या. स्कोप. निकाल लागल्यापासून माझ्या घरी रोज कुणीतरी येतंय, पोराला पुढं बसवायचं, पोरगं मोबाईलमध्ये, आई गप, आणि बाप विचारणार, सर, सध्या स्कोप कशाला आहे? म्हणजे पोराला काय येतंय, काय जमत नाही, याच्याबद्दल एक अक्षर नाही, जसं काय सौद्याला पोतं आणलंय आणि आज दर काय निघाला ते बघायचंय.

आता सौद्याचं निघालंच आहे तर सांगलीकरांना मी काय सांगणार. यंदा हळदीला दर चांगला लागला की पुढच्या सालाला बांधापासून बांधापर्यंत हळद, आणि मग मार्केट यार्डात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. हळदीला तरी नऊ महिने लागतात हो. इंजिनिअरिंगला चार वर्षं लागतात, आणि तुम्ही दर बघताय आजचा!

स्कोपच्या लाटा आपल्या जिल्ह्यानं सगळ्यात जवळून बघितल्यात. इथंच पलीकडं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, १९४७ पासूनचं. तेव्हा इंजिनिअर व्हायचं म्हणजे सरकारी नाहीतर अनुदानित कॉलेजात नंबर लागला तर लागला, नाहीतर बी.एस्सी. मग १९८३ ला आपले वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. स्वतः दादा फार शिकलेले नव्हते, पण शेतकऱ्याचं पोरगं पुण्याला न जाता इंजिनिअर होऊ शकलं ते त्यामुळं, हे मान्यच करायला लागतं. पण त्याच्यानंतर लाट म्हणजे काय ते आपल्याला कळलं. इलेक्ट्रॉनिक्सची लाट, आयटीची लाट, मधेच बायोटेकची. आता एआय. गल्लीत ज्याला त्याला एआय पाहिजे, परवा एक आजोबा विचारत होते, एआयला होस्टेल आहे का. (हशा)

आणि डी.एड.! ती विसरलात का? २००५ च्या आगंमागं. दोन वर्षांचा कोर्स, की मास्तर, की लग्न. माझ्या एका चुलतभावानं पोरीच्या डी.एड.साठी रस्त्याकडंचे चार गुंठे विकले. कॉलेज कुठलं ते सांगत नाही. पोरगी हुशार, पहिल्या फटक्यात पास झाली, पण ती बाहेर पडेपर्यंत भरती थंडावलेली, मग २०१३ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, मग भरतीचं पोर्टल आलं, तोवर हिला दोन पोरं. आज ती पार्लर चालवते आणि झकास चालवते, मी काही तिची कीव करत नाही. पण त्या चार गुंठ्यांवर आता तीन मजली बिल्डिंग उभी आहे आणि भाऊ रोज एसटीतनं ती बघत जातो.

बरं, स्कोप नको म्हटलं की दुसरी पार्टी लगेच उठते. शहरातले नवे पालक. आम्ही काही बळजबरी करत नाही हं सर, तिला आवडेल ते करू दे. ऐकायला किती छान! पण सतरा वर्षांच्या पोराला नेमकं काय आवडत असतं? त्याला त्या विषयाचा फोटो आवडतो. सायकॉलॉजी म्हणजे समोरचा बोलतोय आणि आपण मान हलवतोय. त्यात पुढं गेल्यावर स्टॅटिस्टिक्स असतं, स्टँडर्ड डेव्हिएशन काढत बसायला लागतं, हे कळलं की निम्मी आवड तिथंच गळते. बॉटनी म्हणजे फुलं नव्हे, ब्लेडनं देठाचा इतका पातळ काप काढायचा की तो पाण्यावर तरंगला पाहिजे, आणि शंभर कापांत एक चांगला.

आमची आई यावर एकदाच बोलली होती आणि तेच माझं आजचं भाषण आहे, बाकी सगळं मीठमसाला. आमचं गाव मिरज तालुक्यात, कृष्णेकाठी, घरची हळद. लहानपणी मी म्हटलं, आई, आपलं पीक कसलं भारी आहे, सगळ्यांच्या घरात लागतं. आई खुरपं न थांबवता म्हणाली, हळद सगळ्यांनाच आवडते रे, भांगलायला कोण येतंय का बघ. ज्यांनी हळद भांगलली आहे, म्हणजे बसून खुरप्यानं तण काढलंय, त्यांना कळेल. पान अंगाला घासतं, खाली ओल, वर ऊन, कंबर धरलेली, आणि एकदा करून भागत नाही, पाऊस झाला की तण परत हजर.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक विषयाची अशी एक भांगलण असते. विषय निवडताना ती बघा. ज्याची भांगलण तुम्हाला झेपते, म्हणजे कुरकुर करत का होईना पण उरकून होते, तो तुमचा.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, अपघातानं कळलं. ऐका, हे जरा लांबेल.

१९८६. बारावी सायन्स झालो, मार्क इतपतच. आमचे मामा साखर कारखान्यात लॅबमध्ये, पांढरा कोट, क्वार्टर, स्कूटर. आबांनी, म्हणजे वडिलांनी ठरवून टाकलं, केमिस्ट्री. आमच्या वेळी बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्याला तीन, शेवटच्याला एक. मी अॅडमिशनच्या लाइनीत सकाळी आठपासून, आबा बाहेर लिंबाखाली. माझा नंबर आला आणि क्लार्कची जेवायची वेळ झाली. त्यानं फॉर्म बघितला. केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स, आणि चौथा रकाना रिकामा. मला काय लिहावं सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, बाकीचं भरलंय, भूगोल लिहितो. मी म्हटलं, आबांना विचारून येतो. तो म्हणाला, मग परत मागनं लाइनीत ये. आणि त्यानं लिहूनच टाकलं! डबा उघडत उघडत, डाव्या हातात चपाती धरून त्या माणसानं माझं आयुष्य ठरवलं. कित्येक वर्षं मी त्याच्यावर चिडून होतो.

मग लॅब सुरू झाली. टायट्रेशन. वर ब्युरेट, म्हणजे खुणांची काचेची नळी, खाली फ्लास्क, त्यात रंग बदलणाऱ्या इंडिकेटरचे दोन थेंब, आणि वरनं थेंब थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. एक थेंब असा येतो की पाणी फिकट गुलाबी होतं, तिथं थांबायचं. माझं कायम गडद गुलाबी, होळीला खेळल्यासारखं. पिपेट तेव्हा तोंडानं ओढायचो, एकदा कॉस्टिक सोडा जिभेवर आला, दोन दिवस ताकभात. आणि एकसारखी तीन रीडिंग पाहिजेत. मी एक घ्यायचो आणि १०.२, १०.२, १०.२ लिहून मोकळा. माझ्या शेजारी आष्ट्याचा एक पोरगा, त्याचं पहिलं रीडिंग १०.२ आणि दुसरं १०.३ आलं की हा ब्युरेट धुऊन परत पहिल्यापासून. मी म्हणायचो, अरे लिही की कायतरी. तो म्हणायचा, नाही रे, चैन नाही पडत. तो अजून केमिकल कंपनीत क्वालिटीलाच आहे. मला वाटायचं याला काम नाही.

आणि मग भूगोलाच्या प्रॅक्टिकलला आमच्यापुढं टोपोशीट टाकलं, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा. ४७ एल/९, सर्व्हे ऑफ इंडियाचं, आपली सांगली-मिरज त्याच्यावरच येते. १:५०,००० म्हणजे दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. काम काय, तर दोन ठिकाणांमध्ये रेघ मारायची, कागदाची पट्टी त्या रेघेला लावायची, जिथं जिथं कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेघ कापते तिथं टोकदार पेन्सिलीनं खूण करायची, उंची लिहायची, मग ती पट्टी ग्राफपेपरवर ठेवून एकेक उभी रेघ चढवायची आणि शेवटी हातानं जोडायचं. की डोंगराचा काप दिसतो. पोरं वैतागायची. डोळे दुखतात, एक खूण चुकली की पुढचा सगळा डोंगर चुकतो. माझा एक डोंगर चुकला, मी खोडला, परत चुकला, परत खोडला, आणि वर बघतो तर शिपाई दिवे घालवायला आलेला. साडेपाच वाजून गेलेले. त्या दिवशी मला तो आष्ट्याचा पोरगा कळला.

शेवटच्या वर्षी मी भूगोल घेतला. आबा दोन महिने बोलले नाहीत. बोलले तेव्हा एकच वाक्य, काय, एसटी स्टँडवर नकाशे विकणार का?

आता हे थोडक्यात... नाही, थोडक्यात नाही होणार. २००५ चा पूर ओसरल्यावर आमच्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर पाण्याची खूण राहिली होती. टोपोशीटवर २० मीटरला एक कंटूर, त्यामुळं आमचं अख्खं गाव दोन रेघांच्या मधे सपाट झोपलेलं दिसतं, आणि पुरात भांडण असतं एका फुटाचं. म्हणून मी डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण मागून आणली आणि देवळाच्या खुणेपासून गल्लीतल्या एकेका उंबऱ्यापर्यंत लेव्हल नेली. तीन रविवार. लोक म्हणायचे मास्तर जागेचा वाद काढतोय. वहीत आमचा उंबरा त्या खुणेच्या दोन फूट वर निघाला, म्हणजे २००५ ला आम्ही दोन फुटांनी वाचलो होतो, देवाच्या कृपेनं वगैरे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी धोक्याची ४५ फुटांची पातळी सोडून वर निघालं तेव्हा मी आबांना फोन केला, म्हशी हलवा. ते म्हणाले, २००५ ला आलं नाही आणि आता येतंय होय! मी म्हटलं, या वेळी दोन फूट पुरायचे नाहीत. तासभर शिव्या घातल्या आणि मग हलवल्या. पुढं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ते तुम्हाला माहितीच आहे, आमच्या गोठ्यात छातीएवढं होतं. चार दिवसांनी बहिणीच्या घरी भेटले तेव्हा बिडी पेटवत म्हणाले, मग, नकाशा कितीला दिलास?

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं' लिहिलंय, आणि खाली दोन रेघा मारल्यात. बरं बरं, मेजर-मायनर.

भराभर लिहून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची डिग्री, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. एका वर्षानं सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, पण सोडायची सोय आहे म्हणून सोडू नका. मेजर म्हणजे मुख्य पीक, मायनर म्हणजे आंतरपीक, ऊस आणि हरभरा. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मर्जीचा विषय, दुसऱ्या फॅकल्टीतला, म्हणजे शाखेतला घ्यायचा असतो, तिथं आवड काढून घ्या, गाणं घ्या, शेअर मार्केट घ्या. आंतरपीक मुख्य पिकाच्या मुळावर येणार नाही असं बघा, म्हणजे दोन्हीकडं प्रॅक्टिकल आणि ती लिहायच्या वह्या, जर्नलं, असतील तर मरताय. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास पण प्रॅक्टिकलचे ३०, हे कुणी सांगत नाही.

अकरावीवाल्यांनी गणित सोडताना एवढं बघा, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची जी सीईटी, तिला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे आहेत. आणि मुलींच्या वडिलांनो, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर २०२४ पासून सरकारी प्रवेश फेरीतनं, म्हणजे कॅपमधनं मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी शासन भरतंय, तेव्हा फी जास्त म्हणून पोरीला मागं ओढू नका, ते कारण संपलं.

आणि भांगलण बघायची कशी? सोपं आहे. जो विषय घ्यायचाय त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराचं जर्नल मागून आणा. पहिल्या वर्षाचं नको, ते गोड असतं. त्यातलं एक प्रॅक्टिकल, एक गणित, जे असेल ते रात्री बसून करा. समजलं नाही तरी चालेल. चुकल्यावर परत करावंसं वाटतंय का तेवढं बघा. पोट भरेल का म्हणाल, तर भूगोलावर माझं भरलं, माझ्या बॅचच्या तिघांचं नाही भरलं, त्यातला एक आता बेदाण्याचा व्यापार करतो आणि आम्हा सगळ्यांना विकत घेईल, हेही सांगायला पाहिजे. भांगलण झेपली म्हणून दर लागेलच असं नाही. पण दर लागला आणि भांगलण झेपत नसली तर शेत तणानं जातंच.

एक प्रश्न घेऊ? विचार बाळ. ... काय म्हणतेय? कॉमर्सची भांगलण कुठली? अगं, शेजारी वडील बसलेत ना, अडत आहे त्यांची, त्यांनाच विचार. मार्च एंडला ताळेबंद तीन रुपयांनी जुळत नाही, तीन रुपये खिशातनं टाकून भागत नाही, रात्री दीड वाजता सगळी पावती-पुस्तकं परत पहिल्यापासून. हो की नाही हो? बघा, हसतायत. परवाचा फरक कितीचा होता? सत्तावीस रुपये! सापडला का? नाही अजून. मग आज रात्री हिलाच बसवा बरोबर.

चला, माइक बंद करा, पुढच्या तासाचं हॉलचं भाडं लागतंय. चहा खाली आहे.