सांतोरिनीत आधी वेल पाहा

मंडळी, विषय जाहीर झालाय तो 'हनिमूनला सांतोरिनीत कोणत्या वाइन चाखाव्यात' असा, आणि ती यादी मी देणारच आहे. पण आधी वेलीकडे जाऊ. ग्रीसच्या या बेटावरची वाइन अशी का लागते ते वेल पाहिल्यावाचून कळत नाही, आणि नाशिक-सांगलीकडच्या माणसाचे तर पाय तिथंच थबकतील.

तिथं मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तार नाही. राखाडी जमिनीवर गुडघ्याखाली एकेक टोपली बसलेली दिसते. तीच वेल. ग्रीक लोक तिला 'कुलुरा' म्हणतात. हिवाळ्यातल्या छाटणीत राखलेल्या काड्या गेल्या वर्षीच्या वेटोळ्यावर वळवून विणायच्या. असं करत दरवर्षी थर चढतो. पानं बाहेरून वर येतात, घड आत, सावलीत राहतात. 'मेल्तेमी' नावाचा उन्हाळी वारा तिथं वाळू उडवत येतो आणि उघड्यावरचा कोवळा मणी सोलून काढतो. त्याच्यापुढं ही टोपलीच भिंत होते. पाऊस काय तो हिवाळ्यात, तोही थोडा. उन्हाळाभर रात्रीचा समुद्री दमटपणाच आधार. तो सच्छिद्र प्यूमिस दगड शोषून धरतो.

विणताना काडी मोडली, की तिच्यावरचं वर्षाचं फळ गेलं. म्हणून हे काम उकिडवं बसून, हातानंच करावं लागतं. यंत्राला तिथं वाव नाही. सत्तर-ऐंशी वर्षांत वेटोळं इतकं वाढतं, की रस टोकापर्यंत पोचता पोचता दमतो आणि घड रोडावतात. मग जमिनीलगत टोपली कापतात आणि जुन्या मुळावरच नवा फुटवा धरतात. टोपली नवी, मूळ मात्र पणजोबांच्या काळातलं!

आणि हे मूळ वेलीचं स्वतःचं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीनं युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या. तेव्हापासून तिकडं किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळावर, कलम करणं भाग पडलं. आपणही डॉगरिज जातीचा खुंट वापरतो, पण तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. सांतोरिनीच्या ज्वालामुखी राखेत चिकणमाती जवळजवळ नाहीच, त्यामुळं कीड तिथं तगत नाही. त्या जमिनीत पोटॅशही कमी. मणी भर उन्हात पिकला तरी आंबटपणा टिकतो, त्याचं एक कारण हे. 'आसिर्तिको' या पांढऱ्या द्राक्षाची सगळी ताकद त्या आंबटपणात आहे.

म्हणूनच एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. कड्यावरच्या गच्चीत, सूर्यास्ताच्या गर्दीत हीच वाइन बर्फाच्या बादलीत बुडवून आणतात. चार अंशांवर नुसता आंबटपणा दातांना झोंबतो. लिंबाची साल, ओला दगड, ती खारट झाक, सगळं गप्प होतं. वाइन दहा ते बारा अंशांवर प्या. बाटली बादलीतून काढून पंधरा मिनिटं टेबलावर राहू द्या. पहिल्या आणि तिसऱ्या घोटातला फरक तुमच्याच जिभेला कळेल. नव्या नवरानवरीनं तेवढी पंधरा मिनिटं बोलावं की!

वेळ संपत आलीय, संयोजकांची चिठ्ठी आली. आता यादी.

पहिली, लाकडी पिंपात न मुरवलेली साधी आसिर्तिको. लेबलवर 'सांतोरिनी' हे संरक्षित नाव पाहा. गाया वाइनरीची 'थालासितिस' सुरुवातीला उत्तम. सोबत फावा, म्हणजे तिथल्या पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, आणि टोमॅटोची भजी. दुसरी 'निख्तेरी'. निख्ता म्हणजे रात्र. पूर्वी उन्हापासून वाचवायला द्राक्षं रात्रीच गाळत, त्यावरून हे नाव. ही किमान तीन महिने पिंपात राहते, अल्कोहोल साडेतेरा टक्क्यांच्या वर. जेवणासोबतच घ्या, रिकाम्या पोटी डोक्यात जाते. लाल हवी असेल तर 'माव्रोत्रागानो' मागा. या द्राक्षाचं पीक कमी, म्हणून महाग.

शेवटची 'विनसांतो', आणि ही चुकवू नका. द्राक्षं बारा-चौदा दिवस थेट उन्हात वाळवतात. आपल्या तासगावचा बेदाणा शेडच्या सावलीत वाळतो, ही द्राक्षं उन्हात. मग रस काढून किमान दोन वर्षं पिंपात. लिटरमागं दोनशे ग्रॅमच्या पुढंही साखर असते, पण आंबटपणामुळं घशाशी येत नाही. आर्गिरोस वाइनरीची कित्येक वर्षं मुरवलेली विनसांतो मिळाली तर दोघांत एक छोटा पेला पुरे.

वाइनरीत चाखायला सकाळी जा, आधी कळवून. संध्याकाळी गर्दीत कुणी नीट समजावत नाही. लग्न मे महिन्यातलं असेल तर टोपल्या हिरव्या दिसतील. ऑगस्टमध्ये तोडणी आणि वाळवण दिसेल. माघात गेलात तर बरीच दुकानं बंद असतील, पण विणकाम बघायला मिळेल.

आणताना हिशोब असा: भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि विनसांतोची अर्ध्या लिटरची एक, झाले बरोबर दोन लिटर. बाटल्या कपड्यांत गुंडाळून सांतोरिनीलाच चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवलीत, तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.