आंघोळीच्या बादलीपासून

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटेचे पाच वाजलेत. वसतिगृहाच्या मागच्या अंगणात चुलीवर पाण्याचं पिंप चढलंय, धूर अभ्यासिकेच्या खिडकीतून आत शिरतोय आणि मुलं बादल्या घेऊन रांगेत उभी आहेत. वसतिगृहात पर्यावरणासाठी काही करायचं ठरलं की संस्थेच्या बैठकीत पहिला विषय निघतो तो छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलचा. आम्ही म्हणतो, आधी या रांगेकडे बघा.

समजा, शंभर मुलं आहेत. हिवाळ्यात टाकीतलं पाणी 20 अंशांचं असतं आणि आंघोळीला 40 अंशांचं लागतं. 20 लिटरची एक बादली तेवढी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट वीज जाते. शंभर बादल्यांचे रोजचे 46-47 युनिट झाले. हेच काम उघड्या चुलीवर केलं, तर लाकडातली फार तर पाचव्या हिश्श्याची उष्णता पाण्यात उतरते, म्हणून रोज 50 किलोच्या वर सरपण जळतं. छतावरचं एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. त्या विजेवर पाणी तापवायचं म्हटलं तर पॅनेल किती लागतील, हे तुम्हीच ताडा. पाणी सरळ उन्हानेच तापवलेलं बरं.

सौर बंबातलं पाणी 60 अंशांपर्यंत तापतं. त्यात निम्मं गार पाणी मिसळलं की आंघोळीचं पाणी होतं. म्हणजे डोईमागे 10 लिटर, शंभर मुलांना 1000 लिटर. त्यासाठी प्लेटचा सौर बंब घेतला तर सुमारे 20 चौरस मीटर प्लेटा लागतात. त्यांची तोंडं दक्षिणेला हवीत. खरी गरज थंडीत असते, म्हणून गावाच्या अक्षांशात 10 ते 15 अंश मिळवून उतार द्या. कोल्हापुरात तो तिसाच्या आसपास येतो, नागपुरात पस्तिसाच्या. पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडता कामा नये. ही सावली डिसेंबरात सर्वांत लांब असते, तेव्हा माप त्याच महिन्याचं धरा.

बोअरचं पाणी जड असेल तर प्लेटेच्या तांब्याच्या नळ्यांत क्षार बसतात आणि पाणी दरवर्षी थोडं कमी तापू लागतं. अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजर असलेलाच बंब मागा, म्हणजे प्लेटेतलं पाणी वेगळं राहतं आणि फक्त त्याची उष्णता टाकीतल्या पाण्याला मिळते. काचेच्या नळ्यांच्या बंबाचा धोका वेगळा. टाकी रिकामी राहिली, नळ्या भर उन्हात कोरड्या तापल्या आणि दुपारी एकदम गार पाणी सोडलं, तर काच तडकते. अशा वेळी पाणी दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत भरावं. काचा धुवायच्या त्याही पहाटेच.

पण बहुतेक वसतिगृहांत दोष बंबात नसतो, पाइपात असतो. एक इंची पाइपात मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावतं. बंबापासून मोरी 30 मीटरवर असेल, तर पहिलं 15 लिटर पाणी गारच येतं, आणि मुलं ते गटारात सोडून देतात. म्हणून गरम पाण्याचे नळ एकाच जागी, बंबाच्या बरोबर खाली घ्या. मुलांनी तिथून बादली भरून न्यावी. पाइपावर फोमचं वेष्टन आणि ते उन्हाने फुटू नये म्हणून वर पत्रा किंवा जाड पट्टी हवीच.

पावसाळ्यासाठी टाकीत विजेचा हीटर बसवतात. तो रात्रभर चालू राहिला तर सकाळी टाकी आधीच गरम असते आणि दिवसभराचं ऊन फुकट जातं. त्याला टायमर लावा आणि पहाटे आंघोळीच्या वेळेपुरताच तो चालू ठेवा.

गार पाण्याच्या गळतीबद्दल थोडक्यात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी घालवतो. फ्लशची टाकी गळते आहे का, हे कळायला टाकीत चमचाभर हळद कालवा आणि पंधरा मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं, तर तळाचा रबरी वॉशर बदलायला झालाय.

आता स्वयंपाकघर. पहिलं काम वजनकाटा आणण्याचं. रोज ताटात टाकलेलं अन्न किती, हा आकडा भोजनगृहातल्या फळ्यावर लिहा. त्यात भात जास्त दिसला, तर पहिली वाढ कमी करा आणि पुन्हा मागायला मोकळीक ठेवा. शिल्लक अन्न आणि भाजीची सालं मिळून 15 किलो निघाली, तर त्यातून दीड घनमीटरच्या आसपास बायोगॅस मिळतो. तीन आठवड्यांत घरगुती आकाराचं एक सिलिंडर वाचतं. गॅस फार नाही, हे खरं. पण 15 किलो खरकटं उकिरड्यावर कुजत नाही, माश्या आणि कुत्री येत नाहीत, हा लाभ आम्ही गॅसइतकाच मोठा मानतो.

बायोगॅस संयंत्राची सुरुवात शेण आणि पाणी समभाग कालवून करा. गॅस निळ्या ज्योतीने जळू लागेपर्यंत खरकटं टाकू नका, आणि मग रोज थोडं थोडं वाढवा. संयंत्र बिघडतं ते सणाच्या दुसऱ्या दिवशी. उरलेला भात, पुऱ्या, श्रीखंड सगळं एकदम आत जातं, आम्ल वाढतं, गॅस पेटेनासा होतो आणि आंबूस वास सुटतो. मग तीन-चार दिवस काही घालू नका, नंतर शेणकाला आणि थोडी चुन्याची निवळी द्या. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं, हाडं, नारळाच्या शेंड्या कधीच नकोत. गॅसच्या नळीत पाणी साचून ज्योत फडफडते, म्हणून नळीला उतार आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवा.

ही कामं एकट्या गृहपालांवर किंवा आचाऱ्यावर टाकली तर फार दिवस टिकत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि कामं स्वतः करत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं बोधवाक्य त्या रीतीतूनच आलं. आजही नळ तपासणं, काचा धुणं, खरकटं तोलणं यांची पाळी दर आठवड्याला चार-चार मुलांकडे द्या. मुलींच्या वसतिगृहात तर स्पॅनर हाती देऊन वॉशर बदलायला जरूर शिकवा.

मे महिन्याच्या सुटीत वसतिगृह रिकामं होतं, पण बायोगॅसमधले जीवाणू सुटीवर जात नाहीत. राखणदाराला आठवड्यातून एकदा दोन किलो शेण पाण्यात कालवून घालायला सांगा, आणि साचलेला गॅस त्याच्याच चहासाठी वापरू द्या. जूनमध्ये मुलं परत आली की पहिल्या दिवशी खरकटं फक्त दोन-तीन किलोच घाला.

नमस्कार.