उडीआधीचं ओझं

मंडळी, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लढाईवर मी आज बोलणार नाही. ती तुम्ही पडद्यावर भरपूर पाहिली आहे. मला बोलायचंय ते तिच्या आधीच्या काही तासांवर. ५ जून १९४४ची संध्याकाळ, इंग्लंडमधल्या धावपट्ट्या आणि अमेरिकेच्या ८२व्या व १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे, म्हणजे विमानातून छत्रीने (पॅराशूटने) उडी घेणारे, तेरा हजारांच्या आसपास जवान. वाळूत गावं, पूल, रस्ते मांडून सगळं पाठ करून झालंय. छावणीला कुंपण आणि पहारा, बाहेर जायची बंदी. निघायचं होतं खरं तर आदल्या रात्रीच, पण हवा बिघडली आणि चोवीस तास थांबावं लागलं. नवरदेव नटून बसलाय आणि मुहूर्तच पुढे गेलाय, अशी सगळ्यांची गत.

आता एका जवानाच्या अंगावर काय काय आहे ते बघू. कपडे आधी. जर्मन विषारी वायू सोडतील या धास्तीने गणवेश रसायनात बुडवून काढलेला, त्यामुळे पुठ्ठ्यासारखा ताठ आणि वासाने नको झालेला. तो वायू त्या रात्री आलाच नाही. वास मात्र राहिला. पाठीवर मुख्य छत्री, पोटावर राखीव छत्री, समुद्रात पडलो तर म्हणून फुगवायचं जाकीट. रायफल, काडतुसं, हातबॉम्ब, रणगाड्यासाठी सुरुंग, गॅस मास्क, तीन दिवसांचा शिधा. शिवाय रेशमी कापडावर छापलेला नकाशा, बोटाच्या पेराएवढं होकायंत्र, फ्रान्समध्ये चालवायच्या कोऱ्या नोटा. एकूण वजन चाळीस किलोंच्या घरात, कुणाचं त्याहूनही जास्त. एकदा पट्टे आवळले की लघवीला जायचीही पंचाईत. विमानाच्या शिडीवर स्वतःच्या पायाने चढवेना, खालून ढकलावं लागे.

यातली प्रत्येक वस्तू म्हणजे वरच्या कुणाच्या तरी मनातली एक भीती आहे, असं मला वाटतं. हवाई दलाचे ब्रिटिश प्रमुख लेह-मॅलरी यांनी तर सरसेनापती आयझेनहॉवरना स्पष्टच सांगितलं होतं, की ही पोरं मोठ्या संख्येने मरतील. आयझेनहॉवरनी उडी रद्द केली नाही, पण त्या संध्याकाळी ते ग्रीनहॅम कॉमनला जाऊन तोंडाला काजळी फासलेल्या पोरांत मिसळले. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. समोरच्या अधिकाऱ्याच्या गळ्यात '२३' अशी पाटी आहे, तो त्याच्या विमानाचा क्रमांक.

विमानांवरचे काळे-पांढरे पट्टेही भीतीतूनच आले, पण ती भीती अनुभवाची होती. जुलै १९४३मध्ये सिसिलीवर आपल्याच आरमाराने आणि तोफखान्याने आपल्याच माणसांनी भरलेली २३ विमानं पाडली होती. म्हणून, आपलं विमान लांबूनच ओळखू यावं यासाठी, उड्डाणाच्या जेमतेम दोन-तीन दिवस आधी सगळ्यांच्या हातात रंगाचे कुंचले आले.

१०१व्याच्या जवानांना पितळी टिकटिकी वाटली होती. आपण लहानपणी जत्रेत घ्यायचो ना, तसलंच खेळणं. अंधारात एकदा 'टिक-टॅक' केलं की समोरून दोनदा यायला हवं. नाही आलं, तर गोळी.

विमानं डकोटा, आठशेहून जास्त. आपली २ पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, ११ डिसेंबर १९७१ला आताच्या बांगलादेशातल्या टांगाइलला उतरली, त्या ताफ्यातही डकोटा होते. पद्धत तीच: तांबडा दिवा लागला की उठायचं, छत्रीचा पट्टा डोक्यावरच्या तारेला अडकवायचा, पुढच्याच्या पाठीवरची बांधणी तपासायची. मग शेवटचा माणूस ओरडतो, 'सोळा ठीक!', 'पंधरा ठीक!', असं करत आवाज दारापर्यंत येतो. हिरवा दिवा, आणि उडी.

आता चुकलं कुठे? एक तर पायाला बांधायची थैली. ब्रिटिशांची कल्पना, अगदी शेवटी हातात आलेली, बहुतेकांनी ती बांधून एकही उडी मारली नव्हती. ढग आणि विमानविरोधी तोफा चुकवताना बऱ्याच वैमानिकांनी वेग ठेवला जास्त. दारातून बाहेर पडताच हवेच्या झटक्याने थैल्या तुटून गेल्या, आणि मशीनगन, दारूगोळा कुठल्या कुठे.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. ब्रिटिश छत्रीला छातीवर एक चकती असे. ती फिरवून ठोसा मारला की सगळे पट्टे एकदम सुटत. अमेरिकन छत्रीला मात्र छातीवर एक आणि मांड्यांवर दोन असे तीन हुक, एकेक करून सोडायचे. आणि जर्मनांनी नॉर्मंडीतल्या मर्डरे नदीकाठची कुरणं पाण्याखाली घातली होती. पाण्यातून गवत वर आलेलं, त्यामुळे विमानातून काढलेल्या फोटोंत कुरणच दिसलं. कमरेइतक्या पाण्यातसुद्धा चाळीस किलो घेऊन आडवा पडलेला माणूस बुडतो.

जाकिटाच्या गळ्याशी मात्र चेन लावलेला एक चिमुकला खिसा होता. त्यात खटका दाबला की उघडणारा चाकू, एका हाताने पट्टे कापायला. पाण्याखाली, अंधारात, ज्याचा हात त्या चेनपर्यंत पोचला, तो वर आला.