पाच वाजताचे मजूर

(भायखळ्यातील मंडळीच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, संपादित)

पाळकसाहेब आणि मंडळी, सर्वांना सलाम. पत्रिकेवर विषय छापलाय ‘ॲपवरचं काम आणि ख्रिस्ती नीती’. त्याकडे येतोच, पण आधी तुम्हाला नाक्यावर नेतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरची ही गोष्ट आहे. आमचे बाबा साचेखात्यात होते. संप लांबला तसे ते मजुरांच्या नाक्यावर उभे राहू लागले. वय पन्नाशीचं, छातीत घरघर. मुकादम यायचा, दंड बघायचा आणि तरुण पोरं घेऊन जायचा. दुपारी बाबा परत यायचे. आई हातातला डबा घ्यायची आणि वजनावरूनच तिला कळायचं. डबा जड असला की आम्ही भावंडं काही विचारत नसू.

एकदा तीन वाजता कुणीतरी त्यांना सिमेंटच्या गोण्या उतरवायला नेलं. संध्याकाळी हातावर हाफ हजेरी ठेवली. हिशेब चोखच होता, पण खाणारी तोंडं पाच होती. त्या रात्री प्रार्थनेला बाबांनी बायबलमधला मत्तयचा विसावा अध्याय काढला, येशूने सांगितलेला मजुरांचा दाखला, म्हणजे बोधकथा. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला पुन्हा बाजारात जातो. विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, कोणी आम्हाला कामावर लावलं नाही. बाबा तिथे थांबले. पुढचं आईने वाचलं: संध्याकाळी धनी पाचला आलेल्यांनाही पहाटेपासून राबलेल्यांइतकाच, पूर्ण एक दिनार देतो.

प्रवचनात हा दाखला बहुतेक वेळा थेट स्वर्गात नेतात: उशिरा आलेल्यालाही तारण. तेही खरंच आहे. पण दिनार म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज, एका घराची त्या दिवसाची भाकर. ती आधी हातात घेऊन बघा ना! याच दाखल्यातले शब्द इंग्रज लेखक जॉन रस्किनने १८६० साली आपल्या लेखमालेला नाव म्हणून दिले, ती १९०४ मध्ये जोहान्सबर्ग-डर्बन गाडीत गांधीजींनी वाचली आणि त्यातून ‘सर्वोदय’ हा शब्द आपल्याकडे आला. यावर तासभर बोलता येईल, पण सेक्रेटरींची चिठ्ठी आलीय, साडेसातला क्वायरची तालीम आहे. मुद्द्याचं भराभर सांगतो.

नाका आता मोबाइलमध्ये आलाय. हॉटेलाबाहेर दुचाकीवर बसलेला मुलगा ऑर्डरची वाट बघतो. ऑर्डर पोचवली तर पैसे, वाट बघण्याचे नाहीत. कंपनी म्हणते, ठरलं तेवढं दिलं. आणि इथे आपली खरी अडचण आहे, कारण दाखल्यातला धनीसुद्धा म्हणतो, जे माझं आहे त्याचं मला हवं ते करू नये काय? शब्द जवळजवळ तेच आहेत. फरक असा, की तो धनी स्वतः पाच वेळा बाजारात गेला आणि हा अधिकार त्याने जास्त देण्यासाठी वापरला.

पण मजुराने धन्याच्या चांगुलपणावर किती दिवस जगायचं? शास्त्र तसं म्हणत नाही. बायबलच्या लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत, अध्याय १९ आणि २४ मध्ये, आज्ञा आहे: मजुरी रात्रभर ठेवू नको, सूर्य मावळायच्या आत दे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी लिहिलं, दोघांनी राजीखुशीने ठरवलेली मजुरीही पोटापुरती नसेल तर तो अन्याय आहे. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे ॲपवरून असं सुटं काम करणारे, हा शब्द आला, कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा द्यायची तरतूद आली. चांगलं झालं. पण त्यात वाट बघण्याच्या तासांचा मोबदला नाही. तो मागणं हे मी ख्रिस्ती माणसाचं काम समजतो.

क्वायरची मुलं दारात उभी आहेत, एकच सांगतो. पुढच्या महिन्यात या सभागृहाला रंग लागणार आहे. ठेकेदार नाक्यावरूनच माणसं आणणार. त्यांना रोजच्या रोज, अंधार पडायच्या आत पैसे मिळावेत आणि आपल्यामुळे काम थांबलं तर पूर्ण हजेरी मिळावी, असा अर्ज मी पंचकमिटीसाठी लिहून आणलाय. मागच्या टेबलावर आहे, पेनही ठेवलंय.