पडदा सरकला तेव्हा

2015 चा जानेवारी, अमेरिकेतलं व्हर्जिनिया. एक ट्रक ड्रायव्हर हायवेवरच्या ट्रक थांब्यावर आराम करत बसलाय. थोड्या अंतरावर एक जुनी, घरासारखी राहता येते तसली गाडी उभी, काळे पडदे लावलेली. एक माणूस आत जातो, मग पडदा जरासा सरकतो, एका मुलीचा चेहरा दिसतो, आणि लगेच कोणीतरी पडदा ओढून घेतं. बस, एवढंच दिसलं. पण त्याला ते खटकलं आणि त्याने पोलिसांना फोन लावला. आत खरंच एक तरुणी होती, दुसऱ्या राज्यातून आणलेली, छळ करून जबरदस्तीने धंद्याला लावलेली.

लक्षात घ्या, तो दार ठोठवायला गेला नाही. आणि माणसांची तस्करी ओळखायचं जे ट्रेनिंग ड्रायव्हर, विमान कर्मचारी वगैरेंना देतात, त्यात सगळ्यात जास्त वेळ ह्याच गोष्टीवर जातो, कारण आपल्या डोक्यात हिरोगिरी बसलेली असते. तिथल्या तिथे जाब विचारला की तो माणूस सावध होतो, पुढच्या स्टॉपला मुलीला घेऊन उतरतो आणि नंतर तिचे हाल होतात ते वेगळेच.

बऱ्याच जणांना वाटतं तस्करी म्हणजे बॉर्डर ओलांडणं. तसं नाहीये. 2000 साली संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या करारात मुद्दा शोषणाचा आहे, बॉर्डरचा नाही, आणि 18 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर फसवणूक किंवा जबरदस्ती झाली हे दाखवायचीही गरज नाही. शिवाय हे फक्त देहविक्रीपुरतं नाही, शेतात, कारखान्यात, घरकामाला राबवायला नेलेली माणसं पण ह्यात येतात, आणि ती आपल्यासारखीच तिकीट काढून बसलेली असतात.

मग ओळखायचं कसं? एका खुणेवरून तर नाहीच. तिकीट, पासपोर्ट, मोबाइल सगळं दुसऱ्याच्याच हातात, प्रश्न हिला विचारला तरी उत्तर तोच देतो, कुठे चाललोय हे तिला माहीतच नाही, टॉयलेटला जायचं तरी आधी त्याच्याकडे बघते... असं दोन-तीन एकत्र दिसलं की कान टवकारायचे. कपडे किंवा रंग बघून नाही हां! मुलाचा रंग आईबापांपेक्षा वेगळा दिसला म्हणून साध्यासुध्या कुटुंबांना पोलिसांसमोर उभं राहावं लागलंय. नुसती यादी पाठ करून घेणारं ट्रेनिंग असलं की हे असं होतं, माझ्या मते त्यापेक्षा न दिलेलं बरं.

विमान क्षेत्रात हे आता कागदावर आलंय. अमेरिकेत 2016 च्या कायद्याने फ्लाइट अटेंडंटना हे शिकवणं बंधनकारक झालं, 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने केबिन क्रूसाठी मार्गदर्शन काढलं. विमानात एक सोय आहे, क्रूने कॅप्टनला सांगायचं, कॅप्टन खाली कळवतो, उतरल्यावर पोलीस हजर. पण रात्रीच्या बसमध्ये ड्रायव्हर एकटा, स्टिअरिंग हातात, वेळेत पोचायचं टेन्शन आणि उगाच नसती भानगड नको ही भीती. त्याला आधी हे सांगावं लागतं की बाबा, खात्री तू करायची नाहीस, ते पोलिसांचं काम, खोटं निघालं तरी तुझी नोकरी जाणार नाही. अर्थात कंपनीने तसं लेखी दिलं असेल तरच!

सांगायचं काय, तर जे दिसलं तेच. गाडीचा नंबर, सीट नंबर, कपडे, कुठे चढले, कुठे उतरणार, किती वाजले. फोटो लपूनछपून काढायचा नाही, फेसबुकवर तर अजिबात टाकायचा नाही.

आणि फोन ठेवल्यावर पुढे काय झालं हे बहुतेक वेळा कोणी कळवत नाही. हे पण पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, नाहीतर दुसऱ्यांदा फोन लावताना हात जड होतो.