अकरा जणांचा तराफा

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या विदर्भाला समुद्र नाही. तरीही आज मी समुद्रावरच्या भांडणांबद्दल बोलणार आहे.

१९७३ साली सांतियागो हेनोव्हेस या मेक्सिकोतल्या मानववंशशास्त्रज्ञांनी एक तराफा बांधून घेतला. नाव 'अकाली'. लांबी बारा मीटर, रुंदी सात. इंजिन नाही, सगळी भिस्त शिडावर. माणसं हिंसक का होतात, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या धर्मांच्या बाया-माणसं निवडली आणि स्वतःसह अकरा जणांना घेऊन ते कॅनरी बेटांवरून निघाले. अटलांटिक महासागर ओलांडून मेक्सिकोला पोचायला १०१ दिवस लागले. तराफ्यावर आडोसा म्हणून नव्हता, संडाससुद्धा उघड्यावर. राग आला तरी उठून जायचं कुठं?

हेनोव्हेसांना वाटलं होतं, आता ही मंडळी एकमेकांच्या अंगावर जातील. पण ती मिळूनमिसळून राहू लागली. तेव्हा त्यांनीच काडी टाकली. कोण आवडतं, कोण नकोसं वाटतं, हे प्रत्येकाकडून विश्वासात घेऊन लिहून घेतलं होतं, ते सगळ्यांपुढे उघड केलं. झालं उलटंच. लोक आपसांत भांडले नाहीत, सगळ्यांचा राग हेनोव्हेसांवरच फिरला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणसं वाईट होती म्हणून तिथं बिघडलं नाही, वर बसलेल्यानं बिघडवलं.

आता आपल्या नौदलाची 'तारिणी' घ्या. जेमतेम ५५ फुटांची शिडाची नौका. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून मे २०१८ मध्ये परतल्या. अशा लांबच्या सफरीत रात्रंदिवस पहाऱ्याच्या पाळ्या लागतात, बरेचदा चार-चार तासांच्या. पुढची पाळी असलेला दहा मिनिटं उशिरा उठला, की ओल्या कपड्यांत सुकाणूपाशी उभ्या असलेल्याची तेवढी झोप गेली. रोज असं झालं की मनात अढी बसते. वादळात सगळे एकजुटीनं लढतात. अढी बसते ती झोपेवरून, न घासलेल्या भांड्यावरून.

सोयाबीन सोंगायला मेळघाटातून टोळ्या खाली उतरतात, तेव्हा शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये मला हेच दिसतं. चूल एक, पाण्याच्या कॅन दोन, लाइटचा बोर्ड एक आणि चार्जिंगला मोबाइल दहा. दिवसभर विळा चालवून कंबर मोडलेली असते, आणि अशात कोणी दुसऱ्याचा मोबाइल काढून आपला लावला, की पेटलंच. मुकादम समजूतदार असला तर तिथल्या तिथं मिटवतो. पण याचं त्याला, त्याचं याला सांगणारा मुकादम असला, की अर्धी टोळी सोंगणी टाकून गावाकडं निघते.

तर मुकादमभाऊ, पहिल्याच रात्री सगळ्यांना बसवून पाणी, चूल अन् चार्जिंगच्या पाळ्या ठरवून टाका. कोणी विश्वासानं काही सांगितलं तर ते आपल्यापाशीच ठेवा. आणि शेतमालकहो, टोळी यायच्या आधी शेडमध्ये आणखी एक बोर्ड बसवून घ्या. शेडमागं चार बांबू रोवून ताडपत्री बांधा, बायांना आंघोळीला आडोसा होईल. नमस्कार.